हिंदुरावचा वाटा

"ह्यो कुणाचा?" बाबालालने विचारलं.

"शिदूचा," ज्ञानू तात्या म्हणाले.

बाबालालने त्या वाट्यावर लिंबाची एक काडी ठेवली आणि बोट पुढच्या पानाकडे नेलं. "आन ह्यो?"

"आनंदाचा."

ओढ्याकाठच्या जांभळीखाली केळीची पानं ओळीने मांडली होती आणि प्रत्येक पानावर मटणाचा एकेक ढीग होता. तात्या त्या ढिगांकडे पाठ करून, ओढ्याकडे तोंड करून दगडावर बसले होते. आमच्या पानमळा वस्तीवर वाटा असाच पडायचा. एक आड एक रविवारी घराघरांनी मिळून एक बकरं घ्यायचं, बाबालाल मुलाण्याने ते कापून सगळ्यांचे सारखे वाटे घालायचे आणि कुठला वाटा कुणाला हे पाठमोऱ्या माणसाने सांगायचं. मग एकाला मांडी आली आणि दुसऱ्याला नुसती हाडं आली, अशी कुरकुर नको. दुकानापेक्षा हे मटण बरंच स्वस्त पडायचं, म्हणून तर आमच्यासारख्यांच्या चुलीवर ते नेमाने शिजत होतं.

"ह्यो?"

"बाळकूचा."

"ह्यो?"

"महिपतीचा."

शिदू, आनंदा, बाळकू आणि महिपती. ही चार नावं नेहमी आधी यायची आणि ते चौघेही मेलेले होते. परक्या माणसाला हे ऐकून कसंतरी व्हायचं, आम्हाला काही वाटायचं नाही. घरातला कर्ता गेला तरी वाट्याला नाव त्याचंच राहायचं, पैसे घरातली बाई द्यायची आणि पातेलं घेऊन एखादं पोर यायचं. तात्या मेलेल्यांची नावं आधी घेतात ते मान म्हणून, असं सगळे समजत होते.

एरवी मी त्या जांभळीखाली कधी जात नसे. ते काम आमच्या मालकांचं. पण दिवाळीत मालकांच्या छातीत कळ आली, मिरजेला आठवडाभर ठेवावं लागलं आणि निघताना डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, "मटण बंद. कमी नाही, बंद. पुन्हा झटका आला तर माझ्या हातात काही राहणार नाही." म्हणून त्या सकाळी बकरं कापायच्या आधीच मी तिथं जाऊन सांगून टाकलं होतं की आजपासून आमचा वाटा काढा.

रंगराव आमचे शेजारी, तोंडाने फटकळ. ते लगेच म्हणाले, "वैनी, एक घर कमी झालं की बाकीच्यास्नी किती पडतंय ठावं हाय का? बकरं काय दर कमी करून घेतंय व्हय?"

"आन दवाखान्याला किती पडलं ते तुम्हास्नी ठावं हाय का, भाऊजी?"

"हिंदुरावनं माळ घातली म्हना की!"

"माळ न्हाई घातली. जीव वाचवलाय."

"आवो, आजवर ह्यो वाटा सोडून कोन गेलं न्हाई," रंगराव म्हणाले. "मेलेली मानसंसुदीक गेली न्हाईत!"

सगळे हसले. मीही हसले. शेवटी बाबालालने मध्ये पडून मिटवलं, आमचं घर वगळून वाटे घातले, आणि मी सगळं रीतसर झालेलं बघावं म्हणून थांबले. बायकोने भांडून नवऱ्याचा वाटा काढला, ह्याची मला तेव्हा थोडी घमेंडही चढली होती.

बाबालालचं बोट पुढच्या पानावर आलं. "ह्यो?"

"हिंदुरावचा," तात्या म्हणाले.

पुन्हा हशा पिकला. "तात्या, हिंदुराव न्हाई आता वाट्यात!" रंगराव ओरडले. तात्या वळले नाहीत. एक नाव उगाच वाढल्यामुळे सगळ्यात शेवटी रंगरावांनाच वाटा उरला नाही. तेव्हा त्यांनी आमच्या नावाचं पान उचललं आणि म्हणाले, "चला, आज हिंदुरावचं मी खातो."

मी घरी निघाले. अर्ध्या वाटेत माझ्या मनात आलं, आमचं नाव तर नेहमी शेवटाकडे येतं, असं मालक सांगायचे. आज ते महिपती भाऊजींच्या पाठोपाठ कसं आलं? म्हाताऱ्याने मुद्दाम खोडी काढली असेल, असं म्हणून मी तो विचार सोडून दिला.

*

मी अंगणवाडीत सेविका होते. मटकी, मूग, चवळी, राजगिरा ह्यांच्यात काय काय असतं हे मी वस्तीतल्या बायकांना तोंडपाठ सांगायची आणि घरी येऊन मसाला वाटायची. आता घरातच शाळा भरली. मोड आलेल्या मटकीची उसळ, मुगाचं कढण, शेपू, हरभऱ्याचा पाला, जवसाची चटणी. वाट्याचे जे पैसे जायचे त्यात घरातल्या सगळ्यांची कडधान्यं येऊन वर मालकांना रोज एक पेरू किंवा केळं सुटायचं. इतकी वर्षं आपण स्वस्त म्हणून जे खात होतो ते स्वस्त नव्हतंच, हे मला तेव्हा कळलं.

मालक कुरकुरत जेवायचे. "ही काय अंगनवाडी हाय व्हय? उद्या मला पाटी-पेन्सिल देशील." पण जेवायचे. जिना चढताना दम लागेनासा झाला, साखर कारखान्यात पुन्हा फिटरच्या कामाला जायला लागले. मला फार बरं वाटत होतं.

फक्त तो पहिला रविवार मला खटकत राहिला. मी जांभळीखालून घरी आले तेव्हा मालक अंगणात बाजेवर बसले होते. दुपारी स्वयंपाक झाल्यावर मी ताट वाढलं. एक घास खाऊन त्यांनी ताट बाजूला सारलं.

"का ओ?"

"पोट भरलंय," ते म्हणाले आणि त्यांना ढेकर आली. मसाल्याची, तिखट, चांगली भरपेट ढेकर. मी त्यांचा हात ओढून बघितला. बोटांना तेलकट पिवळा रंग होता.

"कुठं जेवलात?"

"कुठं म्हंजे? हितनं हललो न्हाई मी, शालन."

मी मनातल्या मनात रंगरावांच्या नावाने बोटं मोडली आणि तडक त्यांच्या घरी गेले. रंगराव भिंतीला टेकून बसले होते आणि पुढ्यातलं ताट तसंच होतं.

"मालक आलं हुतं का हितं जेवायला?"

"न्हाई बा. वैनी, तुम्हास्नी खरं सांगू का, तुमच्या वाट्याच्या मटनाला चवच न्हाई. मीठ टाकलं, तिखट टाकलं. नुसता चोथा लागतोय. कुनीतरी आधीच चावून टाकल्यागत."

त्यांच्या ओट्यावर महिपती भाऊजींची हौसा शेंगा निवडत बसली होती. माझ्याच वयाची, नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली. तिच्या हातातलं सूप थांबलं.

"असंच लागतंय ते," ती म्हणाली.

"काय असंच लागतंय?"

"आमच्यातलं मटन. ह्यांच्या माघारी कधी चव लागलीच न्हाई. पोरं लिंबू पिळून खात्यात. आनंदाच्या घरात तसंच हाय, बाळकूच्या घरात तसंच हाय. कुनी बोलत न्हाई एवढंच."

"मग पैसे कशापायी देतीस? बंद कर की."

हौसाने माझ्याकडे असं बघितलं, जसं मीच काहीतरी भलतंच बोलले होते. "त्यांचा वाटा हाय तो. मी कशी बंद करू?"

रंगरावांनी ताट हळूच लांब सरकवलं. मी घरी आले आणि मालकांचे हात साबणाने धुऊन काढले.

*

पुढच्या वाट्याच्या दिवशी मी मालकांवर पहारा ठेवला. दारातच बाज टाकली, त्यांना शेंगा फोडायला बसवलं आणि समोर उंबऱ्यावर तांदूळ निवडत बसले. भरदुपारचं ऊन होतं. ओढ्याकडून माणसांचा गलका ऐकू येत होता, मग तो थांबला. वाटे घालून झाले की सगळे असेच गप्प व्हायचे.

मालकांचा शेंग फोडणारा हात थांबला. त्यांनी मान वर केली आणि माझ्या डोक्यावरून पलीकडे, ओढ्याच्या बाजूला बघायला लागले. मग त्यांचा जबडा हलायला लागला. तोंडात काही नव्हतं. मी उठून जवळ गेले, नीट बघितलं. काही नव्हतं. तरी ते सावकाश चावत होते, मध्येच जिभेने दातातलं काढत होते, एकदा नळी चोखताना करतात तसे गाल आत ओढले. मी बघता बघता त्यांच्या उजव्या हाताच्या बोटांवर तेल चढलं.

"अवो!" मी त्यांना गदगदा हलवलं.

"आं? काय गं?"

"काय खाताय?"

"शेंगासुदीक खाऊ न्हाई का आता?" ते चिडून म्हणाले. आणि लगेच छातीवर हात ठेवून थोडे वाकले. "जरा जड वाटतंय."

थोड्या वेळाने रंगराव आले. आत आले नाहीत, मला बाहेर बोलावलं. त्यांच्या हातात रिकामं पातेलं होतं, डोक्यावर टोपी नव्हती आणि तोंडात चेष्टाही नव्हती.

"वैनी, आज तात्यानं हिंदुरावचं नाव सगळ्यांच्या आदी घेतलं. शिदूच्याबी आदी. ते पान कुनीच उचललं न्हाई. तसंच टाकून आलो. कुत्री आली, वास घेतला आन निघून गेली."

दुसऱ्याच दिवशी मी मालकांना मिरजेला नेलं. डॉक्टरांनी रक्त तपासलं, छातीच्या ठोक्यांची पट्टी काढली आणि कागद बघून चष्मा टेबलावर ठेवला.

"मटण सोडलं नाही तुम्ही."

"सोडलंय साहेब," मालक म्हणाले.

"पाहुणे, तुम्ही काहीही सांगाल. रक्त वेगळंच सांगतंय. दिवाळीपेक्षा वाईट आहे. असंच चाललं तर पुढचा महिना मी धरत नाही."

एस.टी.त मालक खिडकीकडे तोंड करून बसले. सांगली मागे पडली. मग म्हणाले, "शालन, तुझ्या गळ्याची आन. मी खाल्लेलं न्हाई." त्यांचे डोळे भरले होते. मी त्यांचा हात हातात घेतला. इतक्या वर्षांच्या संसारात मी लोकांसमोर त्यांचा हात कधी धरला नव्हता.

"मला ठावं हाय," मी म्हटलं.

*

ज्ञानू तात्या गोठ्यात म्हशीला वैरण टाकत होते. वस्तीतले सगळ्यात जुने वाटेकरी तेच, आणि शिदू म्हणजे त्यांचा पाठचा भाऊ. मी सरळच विचारलं.

"तात्या, आमच्या मालकांनी तुमचं काय वाकडं केलंय?"

"काय न्हाई, पोरी."

"मग त्यांचं नाव का घेता?"

तात्यांनी वैरण खाली ठेवली. म्हशीच्या पाठीवर हात फिरवला.

"मी कुनाची नावं ठरवत न्हाई," ते म्हणाले. "तुम्ही समदी माझ्या पाठीमागं असता. म्होरं वढा असतो. त्या वढ्यात ती उभी असत्यात."

"कोण?"

"शिदू. आनंदा. बाळकू. महिपती. हातात पातेली घिऊन. बाबालालनं इच्यारलं की म्होरं जो असंल त्याचं नाव घेतो. ती संपली की मग तुमा लोकांची घेतो, आठवतील तशी." तात्या माझ्याकडे बघत नव्हते. "शिदू पयल्यांदा दिसला तवा मी भ्यालो हुतो. मग म्हटलं, भाऊच हाय आपला. रिकामं पातेलं घिऊन उभा हाय. त्याला कसं परत लावू?"

गोठ्यात माशा घोंगावत होत्या. मी विचारलं, "आणि आमचे मालक?"

"तू वाटा काढलास, त्याच दिशी दिसला. मागं हुबा हुता, लाजल्यागत. परवा बाकीच्यांनी सरकून त्याला म्होरं जागा दिली. नवा पाव्हना म्हनून."

"पण ते जिते हायत, तात्या! घरात बसल्यात!"

"ते तुला ठावं, मला ठावं. त्यास्नी कुठं ठावं?" तात्या म्हणाले. "अगं, आमच्या बापजाद्यापासनं ह्यो वाटा चाललाय. जित्या मानसानं त्यो कधी सोडला न्हाई. मेला की मगच मानूस हिकडनं तिकडं जातो. हिंदुराव हिकडनं गेला. मग त्यो गेला कुठं? त्यांनी आपला समज करून घेतला आन जागा दिली."

वाट्यात परत जावं तर डॉक्टर सांगतात ते होणार. बाहेर राहावं तर ओढ्यात उभं राहून मालक खाणार, आणि ते सगळं त्यांच्याच रक्तात उतरणार. दोन्हीकडून ते मला सोडून जाणार होते.

"तुम्ही त्यांचं नाव घेऊ नका, तात्या. पाया पडते."

"इचार केला हुता. जमत न्हाई. तोंडाम्होरं भुकेलं मानूस हात पसरून हुबं ऱ्हायलं की नाव निघतंयच." तात्यांनी डोळे पुसले. "मला न्हाई जमायचं, पोरी."

"मग त्या दगडावर मला बसू द्या," मी म्हटलं.

त्या काळी आमच्याकडे बायको नवऱ्याचं नाव तोंडाने घेत नसे. मी तर लग्नातला उखाणा सोडला तर कधीच घेतलं नव्हतं. रेशन दुकानदाराने विचारलं तरी मी शेजारणीकडे बघायची, मग ती सांगायची. काही झालं तरी माझ्या तोंडून ते नाव निघणार नाही, एवढी एकच खात्री माझ्यापाशी होती.

*

पुढच्या वाट्याच्या रविवारी सकाळी मी तुरीच्या डाळीची आमटी केली, भाकऱ्या थापल्या आणि मालकांच्या उशाशी झाकून ठेवल्या. ते बाजेवरून उठेनात. चेहरा मातकट झाला होता. "येते," म्हटलं तर त्यांनी नुसती मान हलवली.

जांभळीखाली बाई येऊन दगडावर बसणार म्हटल्यावर दोघेतिघे पुटपुटले. रंगरावांनीच त्यांना गप्प केलं. तात्या उठले आणि पहिल्यांदाच वाट्यांच्या बाजूला, माणसांत जाऊन बसले. मी पदर खोचला आणि ओढ्याकडे तोंड करून बसले. बाबालालने आमचं घर वगळूनच वाटे घातले होते.

आधी काही दिसलं नाही. गुडघाभर पाणी, पलीकडे ऊस, एक खंड्या दगडावर बसलेला. मागे पानांवर मटण ठेवल्याचे ओले आवाज येत होते, मग ते थांबले. खंड्या उडाला.

"वैनी," बाबालालचा आवाज आला. "ह्यो कुणाचा?"

आणि ते उभे होते. पाण्यातच उभे होते, पण पाणी त्यांच्या पायांना अडत नव्हतं, सरळ वाहत होतं. महिपती भाऊजींना मी ओळखलं, त्यांच्या गळ्यात तो गुंडाळलेला मफलर होता. बाळकूचा एक खांदा पडलेला. शिदू तात्यांसारखाच ठेंगणा. सगळ्यांच्या हातात रिकामी पातेली होती आणि सगळे माझ्या खांद्यावरून मागच्या पानांकडे बघत होते. वाईट चेहरे नव्हते ते. नुसते भुकेले होते. लग्नात पंगत बसायची वाट बघणारे पाहुणे असतात, तसे.

सगळ्यांच्या पुढे आमचे मालक होते. सकाळी घरात जे कपडे अंगावर होते तेच. हातात आमचंच पातेलं, ज्याच्या काठाला पोचा आहे ते.

"ह्यो कुणाचा, वैनी?"

मी दात घट्ट आवळले. मला भीती वाटली होती ती त्यांची, पण आता भीती नव्हती. मला रडू येत होतं. मालकांनी पातेलं पुढं केलं.

"शालन," ते म्हणाले. "भूक लागलीया गं."

घरी त्यांनी कितीतरी दिवसांत हे मला म्हटलं नव्हतं. ते नाव माझ्या घशापर्यंत आलं. तात्या काय म्हणत होते ते मला कळलं. भुकेल्या माणसाला नाही म्हणता येत नाही, आणि आपल्या माणसाला तर नाहीच.

"ह्यो कुणाचा?" बाबालालने तिसऱ्यांदा विचारलं.

मी बाबालालला उत्तर दिलं नाही. मी मालकांशी बोलले, रोज बोलते तशीच. "हितं काय करताय? आं? दुखन्याच्या अंगानं पान्यात उभं ऱ्हायलाय. घरी जावा. आमटी केलीया, भाकरी झाकून ठिवलीया. गार व्हायच्या आत जावा."

मालकांनी माझ्याकडे बघितलं. मग पातेल्याकडे बघितलं. कारखान्यातून चुकून दुसऱ्याची सायकल आणल्यावर त्यांचा चेहरा असाच झाला होता. त्यांनी पातेलं खाली केलं, वळले आणि पाण्यातून चालत काठाकाठाने आमच्या घराच्या बाजूला गेले. उसाच्या आड गेल्यावर दिसेनासे झाले.

उरलेले चौघे जागच्या जागी होते. पण आता ते मटणाकडे बघत नव्हते. माझ्याकडे बघत होते. महिपती भाऊजींनी मफलर नीट केला आणि जरासे पुढे झाले. मला हौसाचं सूप आठवलं, तिचे ते शब्द आठवले. इतकी वर्षं ह्यांना सगळ्यांनी वाटा दिला, घरी या म्हणून कुणी म्हटलं नाही. मला राहवलं नाही.

"तुम्हीबी जावा, भाऊजी," मी म्हटलं. "हौसा वाट बघत आसंल."

ते गेले. एकामागून एक गेले, आपापल्या घराच्या दिशेने. ओढ्यात नुसतं पाणी राहिलं.

"वैनी?" बाबालाल म्हणाला.

"हौसाचा," मी म्हटलं. मग आनंदाच्या बायकोचं नाव घेतलं, बाळकूच्या सुनेचं घेतलं, शिदूच्या लेकीचं घेतलं. मग रंगराव, तात्या आणि बाकीचे. वाटे बरोबर पुरले. कुणाला कमी पडला नाही, कुणाच्या नावाचा उरला नाही.

मी दगडावरून उठले. तात्या ओढ्याकडे बघत होते आणि पुन्हा पुन्हा डोळे चोळत होते.

*

घरी आले तर मालक चुलीपुढे पाट घेऊन बसले होते आणि स्वतःच्या हाताने वाढून घेऊन भाकरी आमटीत कुस्करून खात होते. त्यांच्या पायांना पोटरीपर्यंत ओला चिखल होता.

"लई भूक लागली हुती," ते म्हणाले. "आज आमटीला चव हाय. का बरं आज?"

मी तिथंच जमिनीवर बसून ढसाढसा रडले. ते घाबरून "काय झालं, काय झालं" म्हणत राहिले आणि मधून मधून खातही राहिले. पुढच्या वेळी मिरजेच्या डॉक्टरांनी कागद बघितला आणि म्हणाले, "आता कसं! आधीच ऐकलं असतं तर?" त्याला पंचवीस वर्षं होऊन गेली. डॉक्टर वारले. मालक अजून मटकीच्या उसळीला नावं ठेवतात आणि दोनदा मागून घेतात. वाटा मात्र त्या रविवारनंतर आमच्या वस्तीवर पुन्हा पडला नाही. बंद करा असं कुणी म्हटलं नाही, पुढच्या वेळी बकरं आणायला कुणी उठलंच नाही.

पण त्या दिवशीचं एक सांगायचं राहिलं. मालक हात धुऊन बाजेवर आडवे झाले आणि मी खरकटं काढत होते, तेवढ्यात दारात हौसा आली. केस विंचरलेले, ठेवणीतलं हिरवं लुगडं. तिच्या कपाळाकडे माझं लक्ष गेलं आणि हातातलं ताट तसंच राहिलं. तिने कुंकू लावलं होतं.

"शालन, वाटीभर पीठ दे की," ती म्हणाली. धावत आल्यासारखा तिला दम लागला होता, आणि ती हसत होती. "भाकऱ्या पुरंनात बघ. आमच्यात जेवायला मानूस आलंय. मटन शिजवून वाढलं तर नको म्हनतंय. आमटी-भाकरीच दे म्हनतंय."

कोण आलंय, ते मी विचारलं नाही. तिने वाटीभर मागितलं होतं. मी पिठाचा सगळा डबाच तिच्या हातात दिला.